गोळी अख्ख्या कळपाला

आमच्या थोरल्या मामांइतका एकट्या माणसावर विश्वास नसलेला माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही. एकटा माणूस ही गोष्टच त्यांना मान्य नाही. एकट्यानं जेवणं त्यांना चोरीसारखं वाटतं, एकट्यानं हसणं वेडाचं लक्षण वाटतं, आणि एकट्यानं आजारी पडणं तर त्यांच्या मते शक्यच नाही. "रोग एकट्याला व्हत न्हाई," असं ते म्हणतात. "एक दिसतंय, बाकीची दडवत्यात." हे वाक्य त्यांनी मेंढरांवरून काढलंय आणि मेंढरांपुरतं ते खरंही असेल. पण मामांनी ते माणसांना लावलं, शाळेला लावलं, ग्रामपंचायतीला लावलं आणि शेवटी डॉक्टरांच्या चिठ्ठीलाही लावलं. मला सांगायचंय ते या चिठ्ठीचं. पण त्याआधी मामा माहीत असायला हवेत, नाहीतर कुणाला वाटायचं की मी एका भल्या माणसाला मूर्ख ठरवायला निघालोय.

मामांची वस्ती पाबळच्या अलीकडं, माळावर. पत्र्याची घरं, कांदा साठवायची चाळ, विहीर आणि जाळीच्या कुंपणात मेंढरं. त्यांच्या वडिलांपर्यंत घराण्याचा फक्त पावसाळा इथं जायचा. बाकीचं वर्ष घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून कोकणाच्या वाटेवर. मामाही लहानपणी त्या वाटेनं फिरले. मग विहिरीला पाणी लागलं, बाजरी आणि कांदा पिकायला लागला, आणि मेंढरं सोडवत नाहीत म्हणून ठेवली तेवढीच उरली. फिरणं थांबलं, पण चालण्याची रीत राहिली. मामा आजही कुणाच्या पुढं चालत नाहीत. मेंढपाळ कळपाच्या मागं असतो. पुढं गेला तर मागचं हरवलेलं त्याला कळत नाही. म्हणून लग्नाला, बाजाराला, मयतीला, कुठंही जायचं तर मामा सगळ्यांच्या मागं, काठी आडवी धरून. एसटीत सगळे चढल्याशिवाय ते चढत नाहीत, आणि सगळे म्हणजे घरचे नव्हेत, थांब्यावरचे सगळे. शिरूरच्या स्टँडवरून गाडी त्यांना सोडून गेल्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. आत बसलेल्या नातेवाइकांनी आरडाओरडा केल्याचेही. स्वतःच्या वरातीत तर ते घोड्यावरून उतरून मागं गेले होते आणि वरात नवरदेवाशिवाय देवळापर्यंत पोचली होती. हे मामी सांगायची. "रिकामं घोडं नाचत व्हतं, आन् ह्ये मागं माझ्या चुलत्याला हाकीत व्हतं," असं म्हणून ती पदर तोंडाला लावायची.

दुसरी सवय डोळ्यांची. मेंढराच्या पोटात जंत झाले की रक्त कमी होतं आणि पापणीच्या आतली लाली जाते. जाणता मेंढपाळ म्हणून आधी खालची पापणी ओढून बघतो. मामा माणसाला नमस्कार घालत नाहीत, पापणी ओढतात. नवा शिक्षक असो, नवी सून असो, शेताच्या मोजणीला आलेला माणूस असो, मामांचा अंगठा त्याच्या डोळ्याखाली गेलाच. मागच्या निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवाराची पापणी त्यांनी गळ्यातल्या हारासकट ओढली. "आत पांढरं हाय," ते म्हणाले, "भाषणं कमी करा, गूळ-शेंगदाणं खावा." उमेदवारानं हात जोडले, कार्यकर्ते हसले. पुढं तो पडला तेव्हा मामांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "आमी बोललो व्हतो," एवढंच.

पण खरी सवय तिसरी. जंताचं औषध कुणी एकाच मेंढराला पाजत नाही. एक खंगलेलं दिसलं की सगळा कळप धरायचा, एकेकाचं तोंड उघडायचं आणि सगळ्यांना पाजायचं. नाहीतर औषध घेतलेलं मेंढरू त्याच माळावर चरून पुन्हा जंत घेऊन येतं. यात वेडेपणा काहीच नाही. मामांनी फक्त तो नियम कुंपणातून घरात आणला. त्यांचा मुलगा बापू शाळेत असताना डोक्यात उवा घेऊन आला, तर घरातल्या सगळ्यांची डोकी कडुनिंबाच्या तेलानं माखली गेली. त्यात त्या दिवशी विजेचं मीटर वाचायला आलेला माणूसही सापडला. एकाला खोकला झाला की काढा सगळ्यांना. एकाचं पोट दुखलं की हिंग सगळ्यांना. औषध कडू असलं तर मामा ते गुळाच्या खड्यात दाबून द्यायचे, आणि वस्तीवर अशी रीतच पडून गेली होती की मामांनी हातावर गूळ ठेवला की विचारायचं नाही, गिळायचं. एकदा सर्दीच्या गोळ्या सगळ्यांना वाटल्या गेल्या आणि अख्खं घर भर दुपारी अंगणात घोरत पडलं. मेंढरं तेवढी जागी होती आणि शेजाऱ्याच्या मक्यात होती.

मी वाढलो दौंडला, रेल्वेच्या कॉलनीत. माझे वडील ड्यूटी संपली की पत्रकं छापायचे: बुवाबाजीविरुद्ध, दारूविरुद्ध, कंत्राटी कामाविरुद्ध. मला अक्षरं पत्रकांवरच लागली. त्यामुळं मामांशी माझं भांडण ठरलेलं. माणूस म्हणजे कळप नव्हे, प्रत्येकाचं शरीर त्याचं स्वतःचं आहे, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या तोंडात काही घालायचा अधिकार बापालाही नाही, हे मी त्यांना बाजेवर बसवून कितीदा तरी सांगितलं. मामा शांतपणे ऐकायचे. मग माझी पापणी ओढायचे. "तुजं रगत लईच लाल हाय, भाच्या," म्हणायचे, "जरा कमी कर."

मामीला विसर पडायला लागला तेव्हा तो पहिल्यांदा कळला मेंढरांनाच. संध्याकाळी चरून आलेल्या मेंढ्यांखाली ज्याचं त्याचं कोकरू सोडायचं काम मामीचं होतं. माणसांची नावं चुकली तरी कोकराची आई तिला कधी चुकली नव्हती. एका संध्याकाळी तिनं भलतंच कोकरू भलत्याच मेंढीखाली धरलं, मेंढी लाथा झाडायला लागली, आणि मामी तिच्याशी भांडायला लागली: "तुज्याच पोटचं हाय की गं, असं काय करतीस?" सगळे हसले. मामा हसले नाहीत. मग भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. विहिरीवर गेलेली मामी विहिरीवरच बसून राहायला लागली. आणि एक दिवस मामा बाहेरून आले तशी ती बाजेवरून उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि वहिनीला, म्हणजे बापूच्या बायकोला, हळूच म्हणाली, "कोण आलंय गं? घरात बाप्या मानूस न्हाई कुणी, त्यास्नी भाईर बसाय सांग."

लोक म्हणाले, वय झालं. 'वय झालं' ही आपल्याकडची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. ती करायला डॉक्टर लागत नाही आणि तिच्यानंतर कुणाला काही करावंही लागत नाही. कुणीतरी बाजारातून एक बाटली आणून दिली. तिच्यावर बदामाचं आणि मेंदूचं चित्र होतं, आणि महिन्यात स्मरणशक्ती परत येईल अशी हमी होती. आत काय आहे ते लिहायला मात्र बाटलीवर जागा उरली नव्हती. मी ती ओतून दिली आणि मामीला दौंडला मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडं आणायचं ठरवलं. मामीला म्हणजे अर्थातच सगळ्यांना. पिकअपमध्ये मामी, मामा, बापू, वहिनी, दोन नातवंडं आणि शेजारची म्हातारी. ती का आली हे तिलाही सांगता आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मामीला पुष्कळ प्रश्न विचारले, रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढवला, आणि मग मामांना समोर बसवून पहिलंच वाक्य बोलल्या ते असं: "मामा, हा आजार गोळीनं बरा होत नाही. आधीच सांगते." मला ही बाई तिथंच आवडली.

"मग गोळी कशापायी?" मामांनी विचारलं.

"सांगते. डोक्यातल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. निरोप न्यायला एक रसायन असतं. काम झालं की शरीरच ते पुसून टाकतं. मामींच्या डोक्यात ते रसायनच कमी पडायला लागलंय. ही गोळी पुसणाऱ्याचा हात धरते. म्हणजे आहे तेवढा निरोप जरा जास्त वेळ टिकतो."

मामांनी विचार केला. "म्हंजी नवी मेंढरं यायची न्हाईत. हाईत तेवढीच लांडग्यापास्नं राखायची."

"बरोबर. आणि तीही काही काळ. लांडगा आपलं काम करतच राहणार."

"आन् तरास?"

"होऊ शकतो. तेच रसायन पोटात काम करतं, हृदयात करतं, लघवीच्या पिशवीत करतं. गोळीला फक्त डोक्यात जा असं सांगता येत नाही. म्हणून मळमळ, जुलाब, भूक जाणं, पायात गोळे येणं, भलती स्वप्नं, नाडी मंद होऊन चक्कर, यातलं काही होऊ शकतं. पहिला महिना लहान डोस, सोसला तर मग दुप्पट. असं काही झालं तर लगेच मला फोन करायचा." मामांनी मान डोलावली, आणि उठता उठता बाईंची पापणी ओढली. "बाई, तुमचंबी रगत कमीच हाय." त्या हसून म्हणाल्या, "माहितीये मला, मामा. तुम्ही मामींकडं बघा."

पहिला महिना बरा गेला, आणि एक दिवस मामांचा मला फोन आला. आवाजात असा आनंद की मला वाटलं कांद्याला भाव आला. "भाच्या, शिव्या दिल्या!" मी विचारलं, कुणी? "तुज्या मामीनं! पायताण घालून आत आलो, तर म्हणली, आवं, शेण तुडवून आलाय आन् तसंच घरात? लाज हाय का न्हाई?" मामा अनोळखी पुरुषाचे पुन्हा नवरा झाले होते. त्यानंतर त्यांनी जे चालवलं त्याला तोड नाही. रोज मुद्दाम पायताणासकट घरात जायचं. दुधाचं भांडं उघडं ठेवायचं. ओलं घोंगडं बाजेवर टाकायचं. रांजणात उष्टा तांब्या बुडवायचा. वहिनी वैतागून गेली. तिनं घर सावरायचं आणि मामांनी विस्कटायचं. मामीचा रोजचा आवाज वाढत गेला आणि मामा अंगणात येऊन ऐकणाऱ्याला सांगत राहिले, "ऐकतुयास न्हवं? मलाच म्हणतीया."

मग डोस दुप्पट झाला, ठरल्याप्रमाणं. आणि थोड्याच दिवसांत मामीनं खाणं सोडलं.

ताट समोर आलं की ती तोंड फिरवायची. घास ओठाला लावला की दात आवळायची. वहिनीनं दूध-भाकरी कुस्करून बघितली, शेवया केल्या, भाताची पेज केली. मामीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. वहिनी म्हणाली, हट्ट आहे. बापू म्हणाला, आजार वाढला. मी म्हणालो, या आजारात माणूस खायचंसुद्धा विसरतं, तसं मी वाचलंय. आणि ते खरंही आहे, म्हणून सगळ्यांनी ते मानलं. मामांनी पापणी ओढली आणि नुसतं "लाली चालली" म्हणाले. मेंढपाळाच्या तोंडी हे वाक्य फार वाईट असतं. त्यानंतर कुंपणात एक जागा रिकामी होते.

त्या रविवारी मी वस्तीवर होतो. नातवंडं त्यांच्या आजोळी गेली होती, म्हणून वाचली. दुपारची जेवणं झाल्यावर मामांनी माझ्या, बापूच्या आणि वहिनीच्या हातावर गुळाचा एकेक खडा ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. मी गिळला. त्यात हिंग असेल, ओवा असेल, असं काहीतरी डोक्यात आलं असणार. खरं तर काहीच आलं नाही. त्या अंगणात हातावर गूळ आला की हात आपोआप तोंडाकडं जातो.

त्या रात्री दौंडला मला स्वप्न पडलं की वडिलांच्या सगळ्या पत्रकांना लोकर आली आहे आणि मी ती कातरीनं भादरतोय. इतकं लख्ख स्वप्न मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लोकरीखालचा मजकूर वाचता येत होता, आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. सकाळी चहाचा वास आला आणि पोट ढवळून आलं. दुपारपर्यंत मी कॉलनीतल्या सगळ्यांना शिळी भेळ खाऊ नका असं सांगून मोकळा झालो होतो. मग बापूचा फोन आला. तो रांजणगावला कारखान्यात शिफ्टवर होता. दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन खाली बसला होता, आणि सुपरवायझर त्याला काम टाळतोस का म्हणून विचारत होता. घरी वहिनीला सकाळपासून उलट्या, शेजारच्या म्हातारीनं तिच्याकडं बघून गालात हसून, "कितवा म्हैना?" असं विचारलं होतं, आणि ती बातमी पाबळच्या बाजारापर्यंत पोचली होती. मी मामांना फोन लावला.

"मामा, काल गुळात काय होतं?"

"तुज्या मामीची गोळी."

"सगळ्यांना?"

"मग? अर्ध्यांस्नी द्यायची असती व्हय? एकटीलाच देत बसलो म्हणून लागत न्हाई, आसं मला वाटलं."

चिठ्ठी मामीच्या एकटीची होती. पण शिरूरच्या औषधाच्या दुकानात मामांनी जेवढी मागितली तेवढी पाकिटं त्यांना मिळाली होती. चिठ्ठी कुणी उलगडूनही बघितली नव्हती. मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. संमती या शब्दावर बोललो, बेजबाबदार दुकानदारांवर बोललो, माणसाच्या शरीराच्या मालकीवर बोललो. मधेच मळमळलं म्हणून थांबलो, चूळ भरून आलो आणि पुन्हा बोललो. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" ते म्हणाले. आवाज अगदी बसलेला होता. "आता माजं ऐक. सकाळधरनं माज्याम्होरं भाकरी हाय. भूक न्हाई आसं न्हाई. पर वास आला की पोट वर येतंय, त्वांड आपोआप फिरतंय. आन् ती म्होरं बसलीया. तिच्याबी ताटात भाकरी. तीबी त्वांड फिरवतीया. भाच्या, तश्शीच फिरवतीया. ती खायाचं इसरली न्हाई रं. तिला ही गोळी खाऊ दीना. आमाला बोलता येतंय म्हणून आमी गावभर बोंबलतोय. तिनं कुणाला सांगायचं?"

 माझ्या पत्रकी शब्दांतला एकही शब्द त्या प्रश्नाला पुरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिकअप पुन्हा दौंडला आली. डॉक्टरीणबाईंनी हकिकत ऐकली, पेन खाली ठेवलं, आणि एकेकाची नाडी बघितली. मामांची बघताना त्यांचा चेहरा बदलला. त्यांना टेबलावर आडवं केलं, छातीला वायरी लावल्या, कागदावरची रेघ नीट पाहिली आणि मग त्या रागावल्या. अशा रागावल्या की बाहेरच्या बाकावरचे पेशंट गप्प झाले. "मामा, नाडी किती मंद झालीये तुमची! चक्कर येऊन विहिरीत पडला असता म्हणजे? बापूला दमा असता तर? सुनेला खरंच दिवस गेलेले असते तर? दुसऱ्याची गोळी तोंडात घालायचीच नसते, आणि दुसऱ्याच्या तोंडात तर मुळीच नाही!"

मामा टेबलावर उघड्या छातीनं, वायरींसकट मान खाली घालून बसले होते. "मेंढरावानी वागलो, बाई."

"मेंढरं बरी. ती आपल्या हातानं घेत नाहीत." मग त्या मामीकडं वळल्या. तिचं वजन केलं, नाडी बघितली, पोट चाचपलं. मामी त्यांच्याकडं बघून उगीचच हसली. "मी म्हणाले होते फोन करा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"म्हणला व्हता," मामा म्हणाले. "पर ती सांगंल तवा करू, आसं धरून बसलो आमी समदी."

तिथं बाकावर बसल्या बसल्या मी गोळ्यांच्या खोक्यातला घडी केलेला कागद पहिल्यांदा उघडला. मळमळ, भूक जाणं, वजन घटणं, सगळं त्यात होतं. मुंगीएवढ्या अक्षरांत आणि इंग्रजीत. पत्रकं मी जन्मभर बघत आलोय. ज्याच्या पोटात औषध जाणार त्यानं वाचू नये अशा बेतानं छापलेलं पत्रक मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी डोस पुन्हा लहान केला. गोळी सकाळी, पोटात काही गेल्यावर द्यायला सांगितली. "एवढ्यावर खायला लागल्या तर उत्तम. नाही लागल्या तर बंद करू. दुसऱ्या जातीची एक गोळी आहे, ती वेगळ्या रसायनावर काम करते. तिनंही कुणाला चक्कर येते, कुणाचं पोट साफ होत नाही. ती पुढं बघू, आत्ता नाही. आधी यांच्या पोटात अन्न जाऊ दे." त्यांनी चिठ्ठी मामांच्या हातात दिली. "पण बंद केली, तर तिनं जे धरून ठेवलं होतं ते सुटेल. नंतर पुन्हा दिली तरी तेवढं परत येईलच असं नाही."

मामांनी विचारलं, "शिव्या बी जातील?"

बाईंना कळेना. मी त्यांना पायताणाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ शकतात, मामा. खोटं नाही सांगणार."

लहान डोसावर मामी दोन घास घ्यायची, तिसऱ्याला तोंड फिरवायची. असं काही दिवस चाललं. मग एका दुपारी मामांनी अशी गोष्ट केली जी त्या वस्तीवर कधी झाली नव्हती: गोळी ठेवायची की बंद करायची, हे त्यांनी प्रत्येकाला विचारलं. बापूला विचारलं, वहिनीला विचारलं, मला फोन करून विचारलं, तुजं काय म्हणणं. आम्ही काहीबाही बोललो.  वहिनी तेवढी म्हणाली, "आबा, माझी आई आसती तर मी म्हणले आसते, मला वळखलं न्हाई तरी चालंल, पर ती उपाशी नको." शेवटी मामा मामीसमोर बसले. वहिनी सांगते, त्यांनी एका हातात गोळी धरली, एका हातात भाकरीचा तुकडा, आणि तिला विचारलं, "काय करू गं?" मामीनं दोन्हीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मामांनी गोळी खिशात टाकली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावायला बापूला हाक मारली.

गोळी बंद झाली. भूक एकदम आली नाही; पेज, मग ताक-भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी, अशी टप्प्याटप्प्यानं आली. बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या. दुसरीकडं शिव्यांचा आवाज विरत गेला. आधी नुसतं पुटपुटणं उरलं, मग कपाळावरची आठी, मग तीही नाही. मामांनी काही दिवस दुधाचं भांडं उघडं ठेवून बघितलं. मग स्वतःच झाकायला लागले.

मी मराठीत, मोठ्या अक्षरांत एक पत्रक लिहिलं: विसराळूपणाच्या आजारातली औषधं काय करतात, काय करत नाहीत, कोणता त्रास दिसला तर डॉक्टरांना विचारायचं, आणि मनानं गोळी सुरू किंवा बंद का करायची नाही. दोन्ही तालुक्यांतल्या औषधाच्या दुकानांत ते नेऊन दिलं. काहींनी लावलं, काहींनी पुडीला वापरलं. छापायच्या आधी मामांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "लई लिवलंयस," म्हणाले. "जो बोलू शकत न्हाई तो जेवला का, तेवढं बगा. आसं लिव." मी ते पहिल्या ओळीत घातलं.

परवा मी दुपारचा वस्तीवर गेलो होतो. मामी ओट्यावर बसून जेवत होती. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा. एक संपवून तिनं दुसरी मागून घेतली. मामा शेतातून आले, पायताणं अंगणातच काढली आणि पायरीवर टेकले. मामीनं त्यांना पाहिलं, डोक्यावर पदर नीट केला, हातातली भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढं सरकवली.

"उनाचं आलाय. जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

"न्हाई जात," मामा म्हणाले.

"कुठलं म्हणायचं तुमी?"

"हितलंच."

"मग जवळच हाय की," मामी म्हणाली, आणि पिठल्याचं भांडंही त्यांच्याकडं सारलं. "येत जावा वरचेवर."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला. "यीन की," ते म्हणाले. "रोज यीन."